तातीची फळी

"साजाले हात कोनं लावला?"

कय्युमचाचांचा असा आवाज रुखमाबाईंनी कधी ऐकला नव्हता. माणूस दिवसभर जिनिंगमागच्या शेडमध्ये कापूस पिंजणारा, संध्याकाळी त्यांच्या नलूला सारंगी शिकवणारा. नाकातोंडात कायम तंतू, त्यामुळे बोलणंही तोंडावर फडकं धरल्यासारखं हळू. आज मात्र ओसरी दणाणली. रुखमाबाई चुलीवरचा चहा तसाच टाकून बाहेर आल्या.

ओसरीवर सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. मधोमध नलूची सारंगी मांडीवर घेऊन चाचा बसले होते. त्यांनी गज पुन्हा एकदा ओढला. सारंगी गंजलेल्या बिजागरीसारखी करकरली. नलू भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"मी बदलल्या तारा," धर्मपाल मास्तर म्हणाले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला, आणि चेहऱ्यावर वर्गात बक्षीस वाटताना असतं तसं हसू. "नागपूरहून आणल्या. विलायती आहेत, पाकीटबंद. मुलीची पहिली बैठक. तिला जुन्या तारांवर कशाला बसवायचं?"

"आन् जुन्या कुठं हायेत?"

"सकाळी चुलीत घातल्या. जुनं कशाला ठेवायचं?"

जुनं ठेवायचं नाही, हे मास्तरांचं ब्रीदच होतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन गावी परतले त्याच दिवशी त्यांनी घरातलं जुनं होतं नव्हतं ते विहिरीत टाकलं. देव गेले, दफडं गेलं, बापाची तात वळायची फळी गेली. स्वतःचं नावसुद्धा ठेवलं नाही. धोंड्याचा धर्मपाल झाला. पुढं बाभुळगावच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मले-तुलेसुद्धा उंबऱ्याबाहेर गेलं. घरात कोणी 'काहून' म्हटलं की मास्तर लाल शाईनं चूक काढावी तसे 'का' म्हणायचे.

रुखमाबाईंना आता सकाळचा वास आठवला. न्हाणीच्या पाण्याखाली काहीतरी जळत होतं, केस जळल्यासारखं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरच्या अंगणात हाच वास असायचा. सासरे नागोराव बकऱ्याची आतडी धुऊन, खरवडून, ओलीच पिळून त्यांची दोरी करायचे. तिलाच तात म्हणायचे. पिंजाऱ्याच्या धनुकलीला तीच लागे, सारंगीलाही तीच. वास ओळखीचा होता, पण माणूस काय वासावरून नवऱ्याला जाब विचारतो? 

कय्युमचाचांनी कोपऱ्यातलं रिकामं पाकीट उचललं. त्यावर अर्ध्या चड्डीतला एक गोरा बॅडमिंटनची रॅकेट उगारून उडी मारत होता.

"मास्तर, हे फूल उडवाच्या जाळीची दोरी हाय. खेळाची."

"आतड्याचीच आहे! मी दुकानदाराला दोनदा विचारलं. वरती छापलंय."

"आतड्याची हाय, पन वरतून रोगन मारलेली. गज घसरते, नख घसरते. हिच्यावर सूर कसा बसंन?" चाचांनी सारंगी खाली ठेवली. "अल्ला, पाच वाजता बाई येऊन राह्यल्या."

तीन वाजले होते. हंसाबाई नागपूरहून येणार होत्या. मुलींना तंतुवाद्यं शिकवायची त्यांची शाळा होती, राहण्याजेवण्याची सोय होती, आणि त्या हात बघूनच मुलगी घेत. आज त्या नलूबरोबर दिलरुबा घेऊन बसणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर नलू नागपूरला. नाही म्हटलं तर दारव्ह्याच्या स्थळाला होकार कळवायचा, असा शब्द मास्तरांनी धाकट्या भावाला, श्रावणला, देऊन ठेवला होता. तो तर सकाळच्या गाडीनं येऊन दाराशी बसलाही होता. लंगडा पाय लांब करून तो हे सगळं बघत होता, आणि त्याला वाईट वाटत होतं असं काही दिसत नव्हतं.

"दुसऱ्या तारा चढवा," मास्तर म्हणाले. "मेरठहून येतात ना तुमच्या? असतील शिल्लक."

"नवी तात आज चढवली आन् आज वाजवली, असं होत नाही. पंधरा दिवस ताणून ठेवा लागते, तवा ते एका जागी बसते." चाचांनी हे सांगताना मास्तरांकडे बघितलं नाही. त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

कोपऱ्यात नागोराव चहा पीत होते. बशी दोन्ही हातांत धरली तरी थरथरत होती, आणि धोतरावर चहाचे डाग पडले होते. दोन वर्षं झाली, हात असे झाले होते. त्यांनी नलूकडे बघितलं, मग बशी खाली ठेवली.

"आनतो म्या," ते म्हणाले, आणि चप्पल न घालताच निघाले.

"बा कुठं गेला?" श्रावणनं विचारलं.

चाचा नव्या तारा उतरवू लागले.

*

धर्मपाल मास्तरांना आपण चूक केली हे कळत होतं, पण ती कबूल करायची सवय मोडून बरीच वर्षं झाली होती. ते ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. आजचा दिवस त्यांनी वर्षभर मनात घोळवला होता. ज्या घरचं वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात दफडं बडवणं, त्या घरी आज तंतुवाद्यांची बैठक. समोर मुख्याध्यापक, तलाठी, पोस्टमास्तर. सारंगी शिकवायची ठरली तेव्हा कय्युमचाचांनी चिडवलं होतं, "मास्तर, हिच्या पोटावर बी बकऱ्याचंच कातडं हाय बरं." तेव्हा मास्तर म्हणाले होते, "असू द्या. ते आम्ही तर नाही ना मढवलं."

सकाळीच शाळेत मुख्याध्यापकांना त्यांनी नलूचा हात धरून दाखवला होता. अंगठ्यावर, पहिल्या बोटावर बारीक चिरा. "बघा सर, रियाज. रक्त निघेपर्यंत." नलूनं हात ओढून घेतला होता. लाजाळू आहे पोरगी, असं ते मनात म्हणाले होते.

पाऊण तासानं नागोराव आले. काखेत काहीतरी लांबट, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. पायरी चढताना तोल गेला, फडकं सुटलं, आणि ते लांबट ओसरीच्या कडेला आपटलं.

फळी होती. सागवानी, वीतभर रुंद, माणसाच्या कमरेएवढ्या लांबीची. दोन्ही टोकांना खुंट्या, आणि खुंट्यांमध्ये ताणलेल्या तीन ताती. एक जाड, एक मध्यम, एक बारीक.

मास्तर वाकले. त्यांना फळीच्या कडेला काहीतरी दिसलं होतं. खिळ्यानं खरवडलेलं वाकडं अक्षर होतं. 'धों'.

आठ वर्षांचे असताना त्यांनी शाळेच्या खिडकीबाहेर बसून ते काढलं होतं. पाटी नव्हती, म्हणून बापाच्या फळीवर. पुढचं 'ड्या' लिहायच्या आत गुरुजींनी हाकललं होतं. तेच 'धों', तीच फळी. आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांनी विहिरीत टाकली होती. धप्पकन आवाज झालेला त्यांना अजून आठवत होता.

"ही इथं कशी?" त्यांचा आवाज बारीक झाला. "मी ही टाकली होती. मी स्वतः टाकली होती."

"टाकली होती खरी," नागोराव म्हणाले. "पन बाबू, लाकूड बुडते काय? सकाळी पाह्यलं त तरंगून राह्यली होती. काढली म्या."

"आणि ह्या ताती?"

नागोरावांनी फळी फडक्यानं पुसायला घेतली.

"बा, ह्या ताती कोणाच्या? मेरठच्या?"

"मेरठचं कोनी कधी पाह्यलं? कय्युमच्या शेडमंदी वळतो म्या. सहा वर्सं झाली."

मास्तरांनी खांब धरला.  सहा वर्षं ते तालुकाभर सभांत सांगत फिरले होते, माझ्या घरापासून सुरुवात केली मी, माझ्या बापाचा धंदा विहिरीत बुडवला. लोक टाळ्या वाजवत होते. आणि बाप चार गल्ल्या पलीकडे बसून आतडी पिळत होता.

"काढा," ते म्हणाले. "उचला ती फळी. ह्या तारा माझ्या घरात सारंगीवर चढणार नाहीत. बैठक नाही झाली तरी चालेल."

"बाबा!" नलू पहिल्यांदा बोलली.

"तू मध्ये बोलू नकोस."

तेवढ्यात दाराशी काठी आपटली. श्रावण उठला होता.

*

श्रावणला उठायला वेळ लागायचा. आधी काठी, मग चांगला पाय, मग दुसरा ओढून घ्यायचा. आज तो कसा उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

सत्तावनच्या उन्हाळ्यात गावात पाटलाचा बैल मेला. निरोप आला, ओढून न्या. आपल्या वस्तीनं सांगितलं, आता आम्ही ओढत नाही. मग गावानं पीठगिरणी बंद केली, मजुरी बंद केली, आणि एका बाजाराच्या दिवशी बोरी अरबहून परत येताना नाल्यात सहा जणांनी श्रावणला गाठलं. मांडीचं हाड मोडलं, आतलं सगळं फाटलं. यवतमाळच्या दवाखान्यात तीन महिने गेले. दादा सभेत भाषण करायचा तेव्हा 'माझा भाऊ' म्हणून श्रावणकडे बोट दाखवायचा, आणि श्रावण काठीवर रेलून ताठ उभा राहायचा. त्या पायाला तेवढाच तर अर्थ होता.

"बा," तो म्हणाला, "मी दवाखान्यात पडलो होतो, तवा तू हे करत होता?"

"नाही रे. तवा नाही. त्याच्यानंतर."

"नंतर! आयकलं का, दादा? माह्या पायाचा भुगा झाल्यावर यानं सुरू केलं!" श्रावणनं काठी फळीवर उगारली. "मंग कायले मार खाल्ला म्या? सांग न, कायले?"

कय्युमचाचा आडवे आले. नागोराव मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी थरथरता हात पुढं केला आणि श्रावणच्या मांडीवर ठेवला. बरोबर जखमेच्या जागी.

"इथं आतून टाके घातले न तुले? म्या होतो उशापाशी. डॉक्टरच्या थाळीत एक शिशी होती, पान्यात गुंडाळी होती. चाळीस वर्सं वळली म्या, मले वळखू नाही येनार? म्हटलं, साहेब, हे तात हाय न? तो हासला. म्हने, हो बाबा, जनावराच्या आतड्याचीच. आतल्या आत जिरते, काढा लागत नाही. म्हटलं, वळली कोनं? त म्हने, विलायतेच्या कंपनीनं. पांढरे कोट घालून वळतेत म्हने."

कय्युमचाचा बाजूला सरकले.

"तुह्या पायात तात हाय, सरावन. होती. जिरली. मले वाटलं, त्याईनं वळली त इद्या, आन् म्या वळली त घान? घान तातीत नोती रे. पाटलानं 'ये' म्हटलं की जा लागे, त्याच्यात होती. ते सोडलं म्या. मेल्या ढोराले त्या दिवसापासून हात नाही लावला. हे खाटकाच्या दुकानातलं, ताजं. कोनी बलावलं नाही, कोनी हुकूम नाही केला. माह्यं मन झालं, म्हून वळलं."

श्रावणची काठी खाली आली. त्याचा हात आपोआप मांडीवर गेला. सहा वर्षं जी मांडी तो जगाला दाखवत आला होता, तिच्या आत काय शिवलं होतं ते बापाला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं.  आपलीच मांडी त्याला परक्या माणसाची वाटली.

"मले काहून नाही सांगतलं?" तो म्हणाला. "सहा वर्सं मी इथं आलो की माह्यासमोर बसून भाकर खाल्ली तू. एक डाव नाही सांगतलं?"

नागोराव फडक्याची घडी घालू लागले. 

"झालं?" मास्तर म्हणाले. "तारा चढणार नाहीत."

"चढतीन."

हे रुखमाबाई बोलल्या. त्या सतरंजीवर आल्या, फळी उचलली आणि चाचांच्या पुढ्यात ठेवली.

"ज्या चांगल्या होत्या त्या तुमी माह्या चुलीत जाळल्या. कोनाले न इचारता. आता ह्या चढतीन. मामाजीचं आन् तुमचं काय ते मंग भांडा. पोरीची ट्रंक म्या परवाच भरून ठेवली हाय."

मास्तर बायकोकडे बघतच राहिले. 'माह्या' दुरुस्त करायचंही त्यांना सुचलं नाही. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टांग्याची घंटा वाजली. हंसाबाई अर्धा तास आधीच आल्या होत्या.

*

नलूला नंतर आठवलं ते एवढंच, की मधली तात तिला ओळखत होती.

हंसाबाई पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दिलरुबा खांद्याला लावला आणि मुलतानी सुरू केला. चाचा ताती चढवून तंबोऱ्यावर बसलेले. समोर ओसरी भरलेली, अंगणही भरलेलं, आणि त्या सगळ्यांत बाबा बसलेले नव्हते. ते खांबाला टेकून उभे होते. काका दाराशी, पाठ करून. आजोबा, आबाजी, न्हाणीजवळ एकटे.

सुरुवातीला गज कापला. सारंगीत बोट तारेवर दाबत नाहीत, नखाचं मूळ बाजूनं टेकवायचं असतं, आणि तिची नखं घामानं ओली झाली होती. हंसाबाईंनी तोच सूर पुन्हा एकदा दिला, घाई न करता. मग नलूनं मधल्या तातीवर गज ठेवला. ही तिनं दिवाळीत वळलेली होती. पीळ देताना एका जागी हात थांबला होता, आणि तिथं बोटाला कळेल न कळेल एवढी गाठ होती. नख तिथं पोचलं आणि तिची भीती गेली. जे वळलंय ते वाजणार, असं तिला साधंच वाटलं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, भिंतीवरून गेलं. रुखमाबाईंनी कंदील लावले. दिलरुबा पुढं जाई, सारंगी त्याला गाठे, मग दोन्ही एकत्र थांबत. तबला नव्हता. कापसाच्या गाड्यांचे बैल रस्त्यानं गेले तेवढ्याच घुंगरांची साथ.

संपलं तेव्हा कोणाला टाळी वाजवायचं सुचलं नाही. पोस्टमास्तर तेवढे "अरे वा" म्हणाले.

हंसाबाईंनी दिलरुबा खाली ठेवला. "चाचा, तात कुठली?"

"मेरठची," चाचांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"मेरठची मी वीस वर्षं लावतेय. ती अशी बोलत नाही." त्यांनी नलूचा डावा हात घेऊन कंदिलाजवळ धरला. नखांच्या मुळाशी काळे घट्टे. "हा रियाज. छान." मग हात उलटा केला. अंगठा, पहिलं बोट, बारीक चिरा एकावर एक. "आणि हे काय?"

"रियाजच," समोरून मुख्याध्यापक कौतुकानं म्हणाले. "मास्तरांनी सकाळीच दाखवलं आम्हाला."

"नाही हो. सारंगी आतल्या बाजूला लागतच नाही कधी." हंसाबाईंनी भिंगं वर केली. "ओली तात पिळताना बोट असं कापतं. माझ्या गुरूंच्या घरी एक म्हातारे होते, त्यांची बोटं अशी होती. तू वळतेस?"

 सगळी ओसरी तिच्या हाताकडे बघत होती.

"म्या वळतो, बाई," आबाजी न्हाणीजवळून पुढं आले. "पोरीचा काही संबंध नाही. तिनं एखांद्या वेळेस धरली आसन टोकाले."

 हंसाबाईंनी त्यांच्या हातांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. हात कंदिलाच्या उजेडात वाऱ्यावरच्या पानासारखे हलत होते. त्या हातांनी सुतळीलाही पीळ बसला नसता. आबाजींनी ते पाठीमागे लपवले.

तेच तिला बघवलं नाही.

"आबाजी, असू द्या," नलू म्हणाली. "दोन वर्षांपासून मीच वळते. ते शेजारी बसून सांगतात, मी वळते. आतडी धुते पण मीच." ती बाबांकडे वळली. "सकाळी तुम्ही जाळल्या ना, बाबा, त्या पण माझ्याच होत्या."

 मास्तरांनी बापाकडे बघितलं नाही, भावाकडे नाही. ते मुलीच्या बोटांकडे बघत होते. आपणच गावभर मिरवलेल्या खुणा. दाराशी श्रावणची पाठ होती, ती हळूहळू वळली.

"तुले हे कोनं कराले लावलं?" श्रावणनं विचारलं.

"कोणीच नाही, काका. आबाजी तर नको म्हणत होते. विकतची एकदा लावून बघितली मी, ती गाताना मध्येच सूर सोडून देते. म्हणून मीच शिकले."

हंसाबाईंना या घरात काय कोसळत होतं याची कल्पना नव्हती. त्या खूश होत्या, आणि खूश माणसाला आजूबाजूचं दिसत नाही. "सव्वीस जानेवारीला माझ्या मुलींचा कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या. "नुसती तंतुवाद्यं. सारंगीची जागा रिकामी आहे. साडेसातच्या धामणगाव गाडीनं माझ्याबरोबर निघ. आणि ती फळी असेल ना, तीही आण. मुलींना कळू दे तार म्हणजे काय असते." मग त्यांना रीत आठवली. "अर्थात मास्तर हो म्हणाले तर."

सगळे मास्तरांकडे वळले. मुख्याध्यापक, तलाठी, पोस्टमास्तर, अंगणातल्या बाया.

मास्तर आत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

*

पाहुणे चहा न घेताच पांगले. रुखमाबाईंनी दोनदा कडी वाजवली. आतून काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी हात उचलला आणि खाली घेतला.

"वैनी," श्रावण मागं उभा होता, "ट्रंक कुठं हाय?"

"तुमी?"

"पोरीवर माहा राग नाही. दारव्ह्याले म्या सांगतो काय सांगाचं ते." त्यानं न्हाणीकडे बघितलं नाही. नागोराव तिथंच बसून होते. "बापाशी माह्यं बोलनं नाही आजपासून. पन तिनं वाजवलं ते म्या आयकलं."

आणि त्या लंगड्या माणसानं ट्रंक डोक्यावर घेतली. पुढं हंसाबाई टांग्यात, मागं श्रावण, नलू सारंगी पोटाशी धरून, कय्युमचाचा, रुखमाबाई, आणि बरंच मागं नागोराव. बापाच्या होकारावाचून घरातली पोर निघाली होती, आणि तिला सोडायला आपण चाललोय, याचंच रुखमाबाईंना नवल वाटत होतं. पाय मात्र थांबत नव्हते. फळी ओसरीवरच राहिली. ती उचलायची कोणाची छाती झाली नाही.

स्टँडवर पेट्रोमॅक्स लागला होता. गाडी उभी होती. ट्रंक टपावर गेली. मुख्याध्यापक हंसाबाईंना निरोप द्यायला आले होते, त्यांनी रुखमाबाईंना "मास्तर?" असं विचारलं आणि रस्त्याकडे मान वळवली. नलू खिडकीत बसली. ती रडत नव्हती. डोळे रस्त्यावर लावून होती. कंडक्टरनं घंटी मारली.

"थांबव!"

बाजारातून मास्तर येत होते. सदरा चुरगळलेला, भांग विसकटलेला. खांद्यावर फळी. तिच्यावर फडकं नव्हतं. दोन्ही खुंट्या, खरवडलेलं 'धों', सगळं उघडं. दुकानांच्या उजेडातून ते तसेच आले. सवयीनं "जयभीम, मास्तर" म्हणणारे लोक म्हणता म्हणता थांबत होते आणि खांद्याकडे बघत होते. मास्तर प्रत्येकाला "जयभीम" म्हणत होते.

कंडक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. तो टपावर चढून वाकला. "काय मास्तर, लाकूडफाटा चालवला का नागपूरले?"

आसपासचे हसले. रुखमाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.  मास्तरांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं, मग श्रावणकडे, मग खिडकीकडे.

"तात वळाची फळी हाय," ते म्हणाले. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. "बकऱ्याच्या आतड्याची तात. माह्या बापाची फळी होती. आता माह्या पोरीची हाय. नीट ठेव वरतं."

माह्या. किती वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून आला, ते रुखमाबाईंना मोजताही आलं नाही. स्टँडवर कोणी हसत नव्हतं. कंडक्टरनं दोन्ही हात खाली केले आणि मुकाट्यानं फळी वर घेतली.

गर्दीच्या मागून नागोराव म्हणाले, "भिजू देऊ नको रे बाबू. एकडाव भिजली हाय ते."